बाबांनी बसवलेला दिवा
शोभेच्या माशांच्या दुकानातला निळा उजेड दिसला की लालबागच्या आमच्या खोलीतली काचेची टाकी आठवते. बाबा गेले त्या वर्षी तिचं पाणी हिरवं झालं, मासे मलूल पडले. दुकानदार म्हणाला, "पाणी शुद्ध करणारा यूव्हीचा दिवा बदला. वर्षभराने तो नुसता पेटतो, त्यात जोर राहत नाही." मी नवा आणला, तर बाजारात दिवसभर मासे कापणारी माझी आई टाकीसमोर आडवी उभी राहिली. "पेटतोय ना अजून? त्यांनी बसवलाय तो. हात लावू नकोस." एकेक करत सगळे मासे गेले. शेवटचा तळहातावर घेऊन ती ढसाढसा रडली; बाबा गेले तेव्हा तिने टिपूसही काढलं नव्हतं. आता आईही नाही. नवा दिवा मी खोक्यातून कधी काढलाच नाही. जुना मात्र अधूनमधून लावून बघतो.