शिव्यांवाचून पंगत

वारसा हा शब्द माईकवरून ऐकला की माझं डोकं उठतं. आमच्याकडे हिवाळा लागला की वारसावाले यायला लागतात. खांद्याला झोळी, गळ्यात गमछा, हातात मोबाईल. आल्या आल्या गावातल्या बाया गोळा करायच्या, घरात नेसत नसतील तशी लुगडी त्यांना नेसायला लावायची, झाडाखाली ओळीने बसवायचं, आणि गाणं सुरू झालं की दुसऱ्याच ओळीला मान डोलवत म्हणायचं, "वा! काय ठेवा आहे!" तिसरी ओळ ऐकायला यातला कोणी थांबलेला मी पाहिलेला नाही.

आरमोरीजवळच्या एका गावात लग्नाची गाणी म्हणणारी म्हातारी राहते. मी आरमोरीच्या शाळेत शिकवते, आणि सुटीच्या दिवशी तिच्या ओट्यावर जाऊन बसायची मला जुनी सवय आहे. तिचं नाव झालं ते शिव्यांच्या गाण्यांनी. लग्नात वऱ्हाड जेवायला बसलं की मुलीकडच्या बाया व्याह्याला आणि विहिणीला गाण्यातून शिव्या घालतात. त्याचा चिक्कूपणा, तिचं नाक, त्यांच्या घरची मांजर, काही म्हणून सोडत नाहीत. मग मुलाकडच्या बायांनी तशाच खरपूस परत करायच्या. या कामासाठी म्हातारीला चामोर्शीपर्यंत बोलावणं असायचं.

एकदा मी तिला विचारलं, "बाई, पाहुण्याले शिव्या काऊन द्याच्या?"

"पाहुण्याले कोन देते वो?" ती म्हणाली. "पाहुण्याले पानी देतो, गोड बोलतो, वाटे लावतो. शिव्या आपल्या मानसाले. एकडाव शिव्या खाऊन जेवला का तो घरचा झाला. मंग उद्या पोरीले तिकडं कोनी छळलं तं मले जाऊन भांडता येते. शिवी दिल्याबिगर पोरगी देनं म्हंजे परक्याच्या दारात सोडून येनं."

इतकं साधं कारण. पण तिला हे विचारलेला वारसावाला अजून जन्माला यायचा आहे.

तर या म्हातारीच्या नातीचं लग्न जुळलं ते नेमकं अशाच एकाच्या मुलाशी. गृहस्थ मूळचे चामोर्शीकडचे. आता जिल्ह्याच्या गावी मोठ्या नोकरीत, वर कुठल्याशा सांस्कृतिक मंडळाचे अध्यक्ष. भाषणात 'माझ्या मातीची गाणी' म्हणताना त्यांचा आवाज भरून येतो, मी दोनदा ऐकला आहे, दोन्ही वेळा एकाच जागी भरून आला. आई मात्र अजून गावीच. मातीतली आई मातीतच ठेवलेली.

लग्नाची बोलणी करायला आले तेव्हा मी होते. देणं-घेणं काही नको म्हणाले, ते ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं. मग चहाची बशी खाली ठेवून, रुमालाने ओठ टिपून म्हणाले, "एकच विनंती. ती शिव्यांची गाणी तेवढी नकोत. माझे वरिष्ठ येतील. मी मंडळाचा संच आणतो, निवडक, शुद्ध केलेली गाणी म्हणतात. परंपराही जपली जाईल आणि कुणाला संकोचही वाटणार नाही."

ती बशी त्यांच्या डोक्यावर उपडी करावी असं मला वाटलं. गाणं काय तांदूळ आहे, खडे वेचून शिजवायला? पण नात त्या मुलावर जीव टाकत होती. म्हातारीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं भाऊ."

ते गेल्यावर मी म्हातारीवरच उखडले. "बाई, हो काऊन म्हटलं?"

"गान्यापायी पोरीचं लगन मोडू?" ती म्हणाली. मग "पन माही पोरगी परक्यात चालली," म्हणाली आणि उठून आत गेली.

लग्नाच्या दिवशी मांडवावर जांभळाच्या डहाळ्या होत्या आणि मांडवात अध्यक्षांचा संच. एकाच रंगाचे फेटे, एकाच मापाचं हसू. त्यांच्या गाण्यात व्याही राजा होता, विहीण लक्ष्मी होती आणि नवरदेव तर कोणी देवच. साहेब लोक खुर्च्यांवर बसून मोबाईल धरून होते. म्हातारी आपल्या गाणाऱ्या बायांना घेऊन चुलाणांजवळ बसली होती. सगळ्या गप्प. त्यांना असं गप्प बसलेलं मी मयतीलाही पाहिलं नव्हतं.

पंगत बसली. मुलाकडच्या बायांत सगळ्यांत वडील अध्यक्षांची आई. पत्रावळीवर भात आला, वरण आलं, तिने हात लावला नाही. ती जेवेना म्हणून तिच्या ओळीतल्या कोणीच घास उचलेना. अध्यक्ष धावत आले.

"आई, जेव ना."

"गानाऱ्या बाया कुठी हायेत?"

"हे काय, गात आहेत ना."

"थे तं रेडिओ होय," अध्यक्षांच्या आईने संचाकडे हात झटकला. "मले कोनी शिवी काऊन नाई देऊन राह्यलं? पोरगी द्याचं मनात नव्हतं का यांच्या? का आपलं काही चुकलं?"

अध्यक्ष तिच्या कानाशी वाकले. "आई, मीच नको म्हटलं त्यांना."

"तूनं?" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की संचाचा ढोलकीवालाही थबकला. "आपल्या मानसाले तूनं परकं केलं? जाय, मांगून आन. तवापर्यंत मी नाई जेवत."

मला इतका आनंद झाला की तो लपवायची तसदीही मी घेतली नाही. अध्यक्ष चुलाणांकडे आले, नवरीच्या आजीपाशी वाकून काहीतरी पुटपुटले.

"जोरात बोला भाऊ," आमची म्हातारी म्हणाली. "तुमचा भोंगा लय वाजून राह्यला."

त्यांना माईक बंद करायला सांगावं लागलं. मग साहेबांसमोर, कोट घातलेल्या अंगाला घाम फुटलेला, ते म्हणाले, "आम्हाला शिव्या द्या." लोकगीतांवर त्यांनी केलेलं पहिलं बरं भाषण.

म्हातारी उठली, तिच्या मागे बाया उठल्या, आणि पंगतीच्या तोंडाशी येऊन तिने सुरुवात त्यांच्यापासूनच केली:

"आला गं आला इवाई कोट घालून,
खिशात आनली भाकर बांधून!"

मांडव हसायला लागला. साहेब लोक सगळ्यांत जास्त हसले, कारण त्यांचं नाव त्यात नव्हतं. अध्यक्ष ओढूनताणून हसत राहिले, कॅमेरे चालू होते ना. त्यांच्या आईने मात्र मान हलवत पहिला घास घेतला, सावकाश चावला, आणि फाटक्या आवाजात बसल्या जागेवरून शिवी परत केली:

"इहिनीच्या वरनात दाळ शोधाले
वऱ्हाड निंगालं डोंगा घेऊन!"

वरणात होडी घातलेली ऐकून बायांनी टाळ्या पिटल्या. आमची म्हातारी हळदीला रडली नव्हती, अक्षतांना रडली नव्हती. आता पदर तोंडावर घेऊन ती खाली बसली, आणि तिचे खांदे हलायला लागले. मी तिच्याजवळ गेले.

"शिवी लागली का बाई?"

तिने पदराआडून मान हलवली. "नाई वो," ती म्हणाली. "आता नेऊ द्या पोरीले."