सोनाबाईंच्या नांग्या

आषाढ सरताना लोणावळ्याहून सकाळच्या एसटीने निघालो. दुधिवरे खिंडीत धुकं इतकं दाट की कंडक्टर उतरून गाडीपुढे चालू लागला. खिंड उतरल्यावर पवनेचं पाणी दिसलं, पलीकडे तिकोण्याचा सुळका. धरणाच्या वसाहतीपाशी उतरून तिकोणा पेठेची वाट धरली. चिखलात एक वहाण तुटली, ती हातात घेऊन चाललो.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे. दोन वर्षांपूर्वी याच वाटेवर सोनाबाईंनी मला त्यांच्या भातखाचरातल्या नांग्या (ओळीतल्या रिकाम्या जागा) दाखवल्या होत्या. "खेकडा दिसत न्हाई, पर रोपं कुटं खाल्ली त्यावरनं कळतंय, बांधात हाय."

घरी येऊन मी ताऱ्यांमधल्या वायूवर लेख लिहिला. ताऱ्यांचे अतिनील किरण आपल्या हवेत अडतात, म्हणून उपग्रहावरच्या दुर्बिणीने ते वरच टिपले. त्यांच्या वर्णपटात मधेमधे काळ्या रेघा निघाल्या. वाटेतल्या न दिसणाऱ्या वायूने तेवढा प्रकाश खाल्ला होता. ताऱ्यांमधल्या रिकाम्या वाटणाऱ्या जागेत थंड हायड्रोजन सापडला, आणि लाखो अंश तापलेला वायूही. त्या रेघांना मी 'प्रकाशातल्या नांग्या' म्हटलं. फार कौतुक झालं. कसं सुचलं, असं एका सभेत विचारल्यावर म्हणालो, "सुचलं आपलं." तेव्हापासून ते खुपत होतं.

सोनाबाई खाचरातच होत्या. बांधावर उभं राहून सगळं सांगितलं.

"म्हंजी आबा, आमचा खेकडा तुमी आभाळात नेला?"

"नेला. तुमचं नाव मात्र घेतलं नाही."

त्यांनी हातातली रोपं खाली ठेवली. "नांग्या समदा गाव म्हंतो. पर खेकड्याचं मीच सांगितलं व्हतं."

"तसंच छापून आणतो. तुमच्या मालकांचं नाव काय?"

"त्यांचं कशाला? त्यास्नी आजून एक खेकडा घावला न्हाई." शेजारी लावणाऱ्या जाऊबाई हसून वाकल्या. "माझंच लिवा. नुसतं सोनाबाई."

दुपारी त्यांच्या ओसरीवर तांदळाची भाकरी आणि खेकड्याचं कालवण जेवलो. "ह्यो उजेड खाणारा न्हाई, आमचं भात खाणारा. खावा," त्या म्हणाल्या. कालवण तिखटजाळ होतं. मी दोनदा मागून घेतलं.

हे परतीच्या एसटीत लिहितो आहे. अक्षर हललं आहे, पण मन हलकं आहे. संपादकांना विनंती एवढीच, की माझा लेख जिथे छापला होता तिथेच हे छापावं: शब्द तिकोणा पेठेचा आहे, आणि न दिसणारं नांग्यांवरून ओळखायचं, हे मला सोनाबाईंनी शिकवलं.