पॉल मिकी आणि सोबती

निघाले त्या दिवशी पप्पांनी विमानतळावर माझ्या पर्समध्ये संत गोन्सालो गार्सियांचं चित्र कोंबलं. "हा पण आपल्या वसईचाच. जपानला गेला, क्रुसावर मेला, पण मागे हटला नाही. कुणी नाव विचारलं तर पुरतं सांग, गावासकट." आई डोळे पुसतेय आणि ह्यांचं आपलं संतपुराण चालू!

इंग्लंडात, बेसिंगस्टोकमधल्या पहिल्याच सहा फेब्रुवारीला मी साडी नेसून चर्चला गेले. गावाला त्या दिवशी गोन्सालोचा सण, बँड, घरभर पाहुणे, पिठाचे फुगे तळून तळून आईचे हात दुखायचे. इथे मोजकी म्हातारी माणसं. फादर म्हणाले, "सेंट पॉल मिकी अँड कम्पॅनियन्स." संपलं! त्या मिकीबरोबरच जपानात क्रुसावर मेलेला आमचा गोन्सालो नुसता सोबती! माझं डोकंच सणकलं.

मिस्सा संपल्यावर फादरना गाठलं. ते प्रेमाने म्हणाले, सगळे आलेच की त्यात. आलेच की! ऑफिसात तेच. वीकेंड घालवून सॉफ्टवेअरची रिलीज मी काढायची आणि मेल येणार, 'थँक्स टू ऑलिव्हर अँड टीम'. अरे मेल्यांनो, त्या टीमला नाव आहे!

यंदा चर्चमधल्या रीडर्सच्या रोटावर, म्हणजे वाचणाऱ्यांच्या पाळीच्या यादीत, सहा तारीख मी हट्टाने मागून घेतली. मिस्सा लाइव्हस्ट्रीम होते. पप्पांना आता गुडघ्यांमुळे चर्चला जाता येत नाही, म्हणून त्यांना कळवलं, ऐका. शेजारीपाजारी जमवून, कोट घालून ते मोबाइलसमोर बसले. विनंत्या वाचताना कागदावर नव्हतं ते मी ठणकावून म्हटलं, "सेंट गोन्सालो गार्सिया ऑफ वसई, प्रे फॉर अस." फादरांनी वळून पाहिलं. पाहू देत.

कार पार्कमधूनच फोन लावला. वाटलं, पप्पा रडत असतील.

"आवाज चांगला आला," ते म्हणाले. "पण बाकीच्यांची नावं का गाळलीस गं बाय? त्यांची माणसं नसतील का ऐकत?"

असा राग आला! एवढं केलं तरी हा माणूस शाबासकी म्हणून द्यायचा नाही. गाडीत बसून ढसाढसा रडले.

आता कामावर जाता-येता त्या सव्वीसही जणांची नावं पाठ करतेय. जपानी, स्पॅनिश, जीभ वळता वळत नाही. पुढच्या वर्षी सगळी वाचणार, फादर घड्याळाकडे बघेनात का. आणि माझं घर कुठे म्हणून विचाराल, तर अजून वसईतच. तिथे एक म्हातारा बसलाय, त्याला कुणालाही 'आणि सोबती' म्हणून उरकलेलं खपत नाही.