होसान्ना कुणासाठी

आमच्या चर्चचे पाळकसाहेब गेल्याचा फोन आला तेव्हा मी भूमच्या आठवडी बाजारात वांगी निवडत होतो. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी येण्याआधी मनात आलं, आता यांना ठेवायचं कुठं? आमच्या वस्तीत ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी, आणि दफनाला जागा नाही. माणूस गेला की गाडी करून धाराशिवला न्यायचं. जागा मिळत होती, ती पाळकसाहेबांमुळेच हुकली, असं आमच्यातले निम्मे लोक अजून म्हणतात. मीही म्हणायचो.

दोन वर्षांपूर्वीचा झावळ्यांचा रविवार. प्रभू गाढवावर बसून यरुशलेमेत आला तेव्हा लोकांनी झावळ्या घेऊन 'होसान्ना' म्हणत राजा म्हणून त्याचा जयजयकार केला. त्याची आठवण म्हणून आमची मुलं शिंदीच्या झावळ्या हलवत, 'होसान्ना' म्हणत चर्चमध्ये येतात. त्याच सकाळी तालुक्याचे पुढारी आबासाहेब यायचे होते. शेजारची गायरान जमीन दफनभूमीला मिळवून देतो, हा त्यांचा शब्द. आम्हा चर्चच्या पंचांना काय करू नि काय नको असं झालेलं. मंडपवाल्याकडून नवरदेवाची लाल खुर्ची आणून थेट प्रभुभोजनाच्या पवित्र मेजाशेजारी मांडली. कहर म्हणजे मुलांना झावळ्या देऊन फाटकाशी उभं केलं. गाडी थांबली, आबासाहेब उतरले आणि झावळ्या हलायला लागल्या... होसान्ना!

पाळकसाहेब झग्यासकट धावत आले.

"झावळ्या खाली घ्या, लेकरांनो. ह्यो शब्द एकाच राजाचा हाय." मग आबासाहेबांना हात जोडून म्हणाले, "तुमी पाव्हणे. आत या, आमच्याजवळ सतरंजीवर बसा. हितं समदे तितंच बसत्यात."

एक कार्यकर्ता गुरगुरला, "कुणाला बोलताय, कळतंय का?" आबासाहेबांनी हातानं त्याला अडवलं, हसले, सतरंजीवर बसलेही. पण उपदेश सुरू होताच फोन कानाला लावून उठले, ते परत आलेच नाहीत. पाळकसाहेब काट्यांच्या मुकुटाबद्दल बोलत होते. जगातले राजे दुसऱ्यांना वाकवतात, आपला राजा वाकून शिष्यांचे पाय धुतो... माझ्या कानांत एक अक्षर शिरलं नाही. बाहेर आल्यावर मी तडकलो.

"तुमच्या राजाचं राज्य वर असंल, पाळकसाहेब. मढं खालीच पुरावं लागतं!"

"व्हय, मास्तर. पर जागेपायी त्याचा मुकुट दुसऱ्याला घालायचा म्हणलं तर..."

मी पुढचं ऐकायला थांबलो नाही. मला उत्तर नकोच होतं, जमीन हवी होती.

आणि आता त्यांचाच देह घरात ठेवलेला. दुपारी आबासाहेबांच्या माणसाचा फोन आला. "आजच पुरा त्या गायरानात. जमिनीचं साहेब बघून घेत्यात. फकस्त फाटकावर साहेबांच्या नावाची कमान लागंल, आन मयतीला साहेब दोन शब्द बोलतील."

मला मोह झाला. एका कमानीनं काय आभाळ कोसळणार होतं? मी पाळकसाहेबांच्या पत्नीकडे, मालनबाईंकडे गेलो. त्यांनी मान वर न करता सगळं ऐकून घेतलं.

"मास्तर, ह्यांनी जित्तेपणी जे दिलं न्हाय, ते ह्यांच्या मढ्यावर म्या कसं देऊ? धाराशिवची गाडी सांगा."

मी गाडी सांगितली. वाटभर पाळकसाहेब आणि मालनबाई, दोघांचाही राग येत होता, आणि रडूही आवरत नव्हतं.

पुढच्या रविवारी उपासना चालवायची पाळी माझ्यावर आली. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना पाळकसाहेब कधी चुकवत नसत. आधी देशाचे, मग जिल्ह्याचे आणि त्या झावळ्यांच्या रविवारापासून शेवटी आबासाहेब, अगदी नावानिशी. मी जिल्ह्यापर्यंत आलो आणि अडलो. जीभ उचलेना. सगळे डोळे मिटून वाट बघत होते... कुणी आमेनही म्हणेना.

मग बायकांच्या बाजूनं मालनबाईंचा बसलेला आवाज आला. "आन आबासाहेबांना सांभाळ, देवा."

आमेन मलाच म्हणावं लागलं.