पहिला ‘नको’

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी आजवर कोणाचंही पहिलं उत्तर खरं मानलेलं नाही. देवालासुद्धा त्या दोनदा कौल लावतात. पाहुणा चहा नको म्हणाला की हसून आत जातात आणि आधण ठेवतात. “पयला ‘नको’ लाजंचा असतो गो, दुसरा खरा,” असं त्यांचं म्हणणं. एकदा पोलिओचे थेंब पाजायला आलेल्या बाईंना त्यांनी भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. त्या बाई मासे खात नाहीत, हे दुसऱ्या ‘नको’ला कळलं. बसमध्ये चढताना कंडक्टरला विचारायचं, “कामोठ्याला जाते ना?” आणि पुढच्या थांब्यावर तेच पुन्हा विचारायचं. तो वैतागतो, “मावशी, आत्ताच सांगितलं ना!” या शांतपणे म्हणतात, “तवा तू घाईत व्हतास.” त्यांच्याबरोबर बाजार करून आले की माझ्या पायांच्या आधी कान दुखतात.

तरी खोटं कशाला बोलू, या सवयीमुळेच मी या घरात टिकले. लग्न होऊन दिघ्याला आले तेव्हा माझ्या तोंडातून शब्द फुटत नसे. भात हवा का विचारलं की मान हलवून नाही म्हणायची आणि अर्ध्या पोटी उठायची. जाऊबाई तेवढ्या दुसऱ्यांदा विचारायच्या आणि माझ्याकडे न बघता वाढायच्या.

मागे एका सकाळी माझ्या नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं. कारखान्यात दुपारपाळी होती, म्हणून हे “गॅस हाय, गॅस हाय” करत राहिले. जाऊबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं आणि सरळ रिक्षा बोलावली. हॉस्पिटलात कार्डिओग्राम काढला, रक्त घेतलं. तासाभराने डॉक्टरीणबाई आल्या. “रक्त तर ठीक आलंय,” म्हणाल्या. मला रडू आलं. हे उठून बसले.

पण डॉक्टरीणबाईंनी थांबायला सांगितलं. हृदयाला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचा एक पदार्थ रक्तात उतरतो, पण त्याला वेळ लागतो. तीन तासांनी पुन्हा रक्त घ्यायचं, आकडा वाढला तर धोका आहे असं समजायचं, असं त्यांनी समजावलं.

“तीन तास? पाळी बुडंल माझी,” हे म्हणाले. “वयनी, कशाला टेन्शन घेता? रक्तानंच सांगितलं ना, काय नाय म्हनून!”

“येकदाच सांगितलंय,” जाऊबाई म्हणाल्या. “रगताला पन पयल्या खेपेला लाज वाटते.”

डॉक्टरीणबाई हसल्या. “मावशी, तुम्ही माझं काम सोपं केलंत.”

हे खाटेखाली चपला शोधू लागले. चपला जाऊबाईंच्या पिशवीत होत्या, बोंबलांच्या पुडीखाली, आणि पिशवीवर जाऊबाईंचे दोन्ही हात होते. “तू तरी सांग वयनींना,” हे माझ्यावर ओरडले. बावीस वर्षांत मी यांना उलट उत्तर दिलं नव्हतं. “बसा!” मी म्हणाले. इतक्या मोठ्याने म्हणाले की शेजारच्या खाटेपाशी उभा असलेला माणूसही बसला.

तीन तासांनी पुन्हा रक्त घेतलं. या वेळी आकडा कितीतरी वाढला होता. हार्ट अटॅकच होता. यांना घाईने वरच्या मजल्यावर नेलं.

आम्ही दोघी बाकावर बसलो. मला वाटलं, आता जाऊबाई म्हणतील, सांगत व्हते ना. त्या पिशवीचे बंद पिळत बसल्या होत्या. मोठे दीर, त्यांचे यजमान, बारा वर्षांपूर्वी एका दुपारी झोपेतच गेले. किती सुखाचं मरण, असं सगळे म्हणतात. जाऊबाई कधीच म्हणाल्या नव्हत्या.

“आमच्या यांना मी त्या दिवशी इचारलं, बरं हाय ना? बरं हाय म्हनले. मी भाकऱ्या थापायला गेले.” मग पिशवीचे बंद सोडून म्हणाल्या, “येकदाच इचारलं गो.”

आता त्या मुलाकडे करंजाड्याला राहतात. हे बरे आहेत, पण गोळ्यांना कुरकुरतात, तपासणीला चला म्हटलं की चिडतात. मी फार दमते. दुपारी यांचा डोळा लागला की भांडी तशीच टाकून उशाशी बसते आणि यांचं पोट खाली-वर होताना बघत राहते. जाऊबाईंची अशी एक दुपार हुकली. माझ्या वाट्याला रोज एक येते, ती त्यांच्यामुळे. त्यांना एवढं सांगावं असं रोज वाटतं. फोन लागला की मात्र मी भाज्यांचे भाव बोलत बसते.