गोपाळने शिकवलेली ओठांची बोली

आज सकाळी गोपाळ गेला.
त्याच्या वडिलांची नोकरी मी घालवली होती.

हे तुम्हा मित्रमंडळींना माहीत नाही. घरातही कुणाला नाही. टाइप नात करतेय आणि दुसऱ्याच ओळीवर थांबून माझ्याकडे बघतेय. टाक बाई, थांबू नकोस.

कान गेले तरी आजोबांना ओठ बघून सगळं कळतं, असं तुम्ही कौतुक करता. टीव्हीचा आवाज बंद करून माझी परीक्षा घेता.
ही विद्या कुठून आली ते आज सांगतो.

मध्यप्रदेश व्हायच्या आधी, मध्यभारत होतं तेव्हाची गोष्ट. टेक्स्टाइलच्या डिप्लोमाला एक पूर्ण वर्ष इंदूरच्या मिलमध्ये काढावं लागे. मी अप्रेंटिस. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन आणि डोक्यात हवा.

मला टाकलं सांचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या शेडमध्ये. सगळे माग एकदम चालू. स्वतःचा आवाज स्वतःला येत नसे. पहिल्याच दिवशी ओरडून ओरडून मी घसा बसवून घेतला.

जवळच्या मागावरचा गोपाळ हसला. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा. सुट्टी झाल्यावर म्हणाला, "भिया, इथं कान कामाचे नी. आँखने ऐकायचं."

आणि त्यानं शिकवलं.
रोज जेवताना समोर बसायचा, आवाज न काढता काहीतरी बोलायचा आणि भुवई उडवायचा. सांग, काय म्हटलं?
"बाबा न पापा एकसारखेच दिसतात, भिया. आगे-पीछे बघून समजायचं."
चुकलो की पुन्हा. कधी कंटाळला नाही.

चार महिन्यांत मला पार पलीकडच्या रांगेतलं बोलणं कळायला लागलं. कुणाकडे मुलगी झाली, कोण जॉबरला, म्हणजे मुकादमाला, शिव्या घालतोय. मजा यायची.

त्यातच एक गोष्ट कळली.

गोपाळचे वडील, तात्या, समोरच्या रांगेत माग चालवायचे. त्यांना मोतीबिंदू झाला होता. तुटलेला धागा दिसत नसे. वेळेत जोडला नाही तर कापडात खोट येणार.
म्हणून गोपाळ आपल्या जागेवरून नजर ठेवायचा आणि तात्यांच्या शेजारच्या मांगीलालला नुसत्या ओठांनी सांगायचा, "तात्याचा धागा गेला." मांगीलाल दोन पावलं येऊन जोडून द्यायचा.
कापड चोख निघायचं. सगळी रांग हे जाणून होती आणि गप्प होती.

मी विचारलं तेव्हा गोपाळ म्हणाला, "डॉक्टर म्हणतो, मोतीबिंदू पिकू द्या, मग ऑपरेशन. तेवढे दिवस निकालायचे, बस."

एक दिवस वीव्हिंग मास्टर आले. वर्षाअखेर माझा रिपोर्ट तेच लिहिणार होते. मला काचेच्या केबिनमध्ये बोलावून विचारलं, "वेल, काय शिकलात?"
मी ताणा-बाणा सांगत बसलो. ते घड्याळ बघायला लागले.

तेव्हा मला अवदसा आठवली.
"सर, या लोकांचं बोलणं मला इथून वाचता येतं."
"नॉन्सेन्स." त्यांनी काचेतून बोट दाखवलं. "तो काय म्हणतोय?"
बोट नेमकं गोपाळवर.

आज उकडतंय म्हणतोय, एवढं बोललो असतो तरी भागलं असतं.
मी म्हणालो, "सर, तो म्हणतोय, तात्याचा धागा गेला."
"का? तात्याला स्वतःला दिसत नाही?"
"नाही सर."

पहिलं उत्तर तोंडातून निसटलं, अशी मी स्वतःची समजूत घालू शकतो. दुसऱ्याचं काय करू?

आठ दिवसांत तात्यांना काढलं.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये शिरलो. गोपाळनं मला पाहिलं, खांद्यावरचा गमछा घेतला आणि तोंडावर बांधला.
मग मांगीलालनं. मग सगळ्या रांगेनं. केबिनच्या काचेतून माझेही ओठ त्यांना दिसले होते.
कुणी शिवी दिली नाही. कुणी अंगावर आलं नाही.
उरलेले सात महिने त्या शेडमध्ये मला कुणाचे ओठ दिसले नाहीत.

रिपोर्टवर शेरा आला, निरीक्षणशक्ती उत्तम. त्यावर पहिली नोकरी लागली, आणि त्या नोकरीवर पुढचं सगळं, हे घरसुद्धा. तो कागद अजून कपाटात आहे. लाज वाटते, तरी मी तो फाडला नाही.

नंतर गोपाळ एकदाच दिसला, इथंच इंदुरात, अन्नपूर्णेच्या देवळाबाहेर. दोघंही म्हातारे झालेले. मी पुढे झालो. त्यानं गमछा तोंडाला लावला. घाम पुसत होता की तोंड झाकत होता, ते बघायलाही मी थांबलो नाही. रिक्षात बसलो.
तात्यांचं ऑपरेशन झालं का, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.

आज मिलवाल्यांच्या ग्रुपवर बातमी आली. नातीला घेऊन त्याच्या घरी गेलो.

गोपाळला बाहेर निजवलं होतं. अंगावर चादर, तोंड उघडं.
इतक्या वर्षांनी त्याचे ओठ दिसले. मिटलेले.

मी शेजारी बसलो आणि त्यानं शिकवलं होतं तसं, आवाज न काढता, एकेक अक्षर ओठांवर आणून बोललो.
"गोपाळ, मीच सांगितलं होतं."

परत येताना नात सांगत होती, "आजोबा, लोक म्हणत होते, दादाजी राम नाम ले रहे हैं, लेने दो."
मी तिच्याकडे बघून मान हलवली. तेव्हाही खरं बोलायची हिंमत झाली नाही.

गोपाळ, तुला आणि तात्यांना माझा शेवटचा नमस्कार.
ते राम नाम नव्हतं.