श्रावणातला भोंगा

केशोराव सीताराम हरिणखेडे. राहणार मौजे दवनीवाडा, हल्ली मुक्काम गोंदिया, जिल्हा भंडारा. वय अदमासे छत्तीस. शिक्षण बी.एस्सी., दुसरा वर्ग. पद : प्रमुख, यंत्रशिक्षण विभाग. नेमणूक : कायम. विभागाचा उद्देश : परिसरातील उद्योगांच्या बदलत्या गरजांनुसार कामगारांस शास्त्रीय शिक्षण देणे. यंत्रसामग्री : पुरेशी व चालू स्थितीत. स्थानिक कामगारांचा प्रतिसाद : समाधानकारक. वर्तणूक : चांगली.

हे १९६० सालच्या कॉलेजच्या अहवालातले वर्णन आहे. त्यात वर्तणुकीबद्दल जे लिहिले आहे ते खरे आहे.

केशोराव कॉलेजात लागले ते पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत, मदतनीस म्हणून. मुलांनी तापमापक फोडायचे आणि केशोरावांनी काच गोळा करायची, असे कामाचे स्वरूप होते. शिकून बाहेर पडलेली मुले वकिलीला, मास्तरकीला किंवा रेल्वेच्या अर्जाला लागत. कॉलेजच्या कुंपणापलीकडे राईस मिलांच्या चिमण्या धूर सोडत उभ्या होत्या. त्या धुराचा आणि कॉलेजचा संबंध एवढाच, की वारा इकडचा असला म्हणजे खिडक्या लावून घ्याव्या लागत.

मुन्नालाल शेठच्या मिलमध्ये पतिराम हा बॉयलरवाला होता. धानाचा भुसा भट्टीत घालायचा, वाफ चढवायची, त्या वाफेवर सगळी मिल चालायची. पतिरामने हे काम बापाकडून घेतले होते आणि बापाने आणखी कुणाकडून. एकदा वाफेचा दाब दाखवणारे घड्याळ बिघडले म्हणून शेठने केशोरावांना बोलावले. काटा ठीक करता करता केशोराव सहज बोलून गेले, की गावात विजेचे खांब पडून राहिले आहेत, दोन-चार वर्षांत मिलांत विजेच्या मोटारी येतील.

पतिराम भट्टीपुढे उकिडवा बसला होता. "मोटार आली का हे बॉयलर कुठी जाते जी?"

"भंगारात."

"अन् मी?"

शिकलेल्या माणसाकडे उत्तर नसले की तो वर्ग काढतो. केशोरावांनी काढला.

रविवारी मिल बंद ठेवून बॉयलर धूत. त्याच दिवशी दुपारी, बॉयलरच्या लोखंडी दारावर खडूने आकृत्या काढून केशोराव पतिरामला आणि आणखी दहा-बारा मिलवाल्यांना शिकवू लागले. आधी वाफ, मग वीज. घंटेच्या बॅटरीवर एक छोटा दिवा लावून दाखवला तेव्हा एकाने विचारले, "गुर्जी, याच्यात भुसा कुठून टाकतेत?" सगळे हसले, पण प्रश्न गैर नव्हता. वर्ग दिवाळीनंतर सुरू होई आणि होळीला संपे, कारण धान तेव्हाच येते आणि मिल तेव्हाच चालते. पावसाळ्यात मिल थंड पडे आणि सगळे विद्यार्थी रोवण्याला, म्हणजे चिखलात भाताचे रोप लावायला, जात.

मुन्नालाल शेठने स्पष्ट सांगितले होते. "मास्टरजी, पढ़ाओ. अपने को क्या तकलीफ! लेकिन मोटर पर आदमी मैं कागजवाला रखूँगा. बिना कागज का आदमी करंट से मरे तो पुलिस मेरे घर आती है."

म्हणजे कागद हवा होता, आणि कागद देणार विद्यापीठ. केशोरावांनी पतिरामला शब्द दिला, "मोटारीच्या आधी तुझ्या हाती कागद देतो." त्या दिवसापासून त्यांची झोप कमी झाली.

प्राचार्य पुण्याकडचे होते. त्यांनी प्रस्ताव वाचून चष्मा पुसला आणि म्हणाले, "अहो हरिणखेडे, विद्यापीठ म्हणजे काय भट्टी आहे?" तरीही पुढे पाठवला. उद्योगधंद्यांना उपयोगी शिक्षण द्यावे, असे भाषणांतून नुकतेच येऊ लागले होते, आणि प्राचार्य भाषणे नीट वाचत.

विद्यापीठाने दोन वर्षे विचार केला. मग १९५३ च्या पावसाळ्यात कळवले, की चालू वर्गाची पाहणी करण्यास समिती येत आहे. विद्यापीठाच्या मते वर्ग चालू असण्याचा काळ आषाढ-श्रावण हाच होता, कारण सगळे वर्ग तेव्हाच चालू असतात.

"साहेब, आता मिल बंद हाय," केशोराव प्राचार्यांना म्हणाले. घाबरले की त्यांची बोली दवनीवाड्याची होई. "माणसं रोवण्यावर हायेत. दिवाळीनंतर या म्हणा."

"समितीला सांगू, की वर्ग पावसात बंद असतो? मग तो वर्ग कसला? तो बाजार झाला. एक दिवस चालू करा."

केशोराव शेठकडे गेले.

"सावन में बॉयलर?" मुन्नालाल शेठ लोडावरून उठून बसले. "भूसा गीला, धान एक दाना नाही. काय उकळणार, मास्टरजी, चाय?" पण समितीतल्या साहेबांची ओळख झालेली बरी, असा विचार करून त्यांनी होकार दिला.

पतिरामकडे ठेक्याची थोडी बांधी, म्हणजे बांध घातलेले भाताचे शेत, होती. पऱ्हे उपटून, पेंढ्या बांधून तयार होत्या. उपटलेले रोप वाट पाहत नाही. पतिरामची बायको रुख्माबाई हीही हंगामात मिलमध्ये रेजाचे, म्हणजे धान वाहण्या-पाखडण्याचे काम करी. ती म्हणाली, "एका दिवसाचं काय ते? जा तुमी. आमी बाया लावून टाकतो." तिलाही तो कागद हवा होता. वाचता दोघांनाही येत नव्हता.

समिती आली. तीन साहेब, तीन छत्र्या; आधी शेठच्या कचेरीत चहा. पतिरामने पहाटेपासून ओल्या भुशाशी झुंज घेऊन भट्टी पेटवली होती. बाकीचे विद्यार्थी रांगेत उभे होते, अंगावर धुतलेले कपडे, पायांना चिखल. केशोराव दाराजवळ आकृती काढत होते. काटा हळूहळू वर चढला.

वाफ चढली की बॉयलरवाला पहिले काय करतो, हे केशोरावांना माहीत होते. आज ते करू नको, हे पतिरामला सांगायचे मात्र राहून गेले. पतिरामने आयुष्यात जेव्हा जेव्हा वाफ चढवली, तेव्हा तेव्हा साखळी ओढून भोंगा दिला होता. त्याने साखळी ओढली.

भोंगा शेजारच्या कुडवा गावापर्यंत ऐकू जातो. हंगामाचा पहिला भोंगा म्हणजे काम सुरू. जी बाई आधी फाटकाशी पोचेल तिला शेठ ठेवतो, उशिरा येणारी परत जाते. आसपासच्या बांध्यांतल्या बायांनी मान वर केली. भर श्रावणात चिमणीतून धूर निघत होता. कुणी म्हणाले, बाहेरून धान आले असेल. त्यांनी हातातल्या पेंढ्या तिथेच चिखलात टाकल्या आणि धावल्या. समिती चहा पिऊन बाहेर येते तो फाटकात बायाच बाया. लुगडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, कुणाच्या काखेत सूपसुद्धा. सर्वांत पुढे रुख्माबाई.

"काऊन जी, धान कुठी हाये?" तिने नवऱ्यालाच विचारले.

"धान नाई."

"मंग भोंगा कायले वाजवला?"

पतिराम हातातल्या साखळीकडे पाहत राहिला. "वाफ आली. हात गेला."

"हात गेला! अन् आमचा दिवस गेला तो? पेंढ्या टाकून आलो ना आमी! पाटलानं या बायांच्या जागी दुसऱ्या लावल्या असतीन आतापावेतो." मागून दुसरी ओरडली, "गुर्जीचा खेळ होऊन रायला इथं! चिमणीचा धूर पाहाले बलावलं आपल्याले!"

समितीचे अध्यक्ष फार प्रभावित झाले होते. त्यांना झाडीपट्टीतली इथली बोली कळत नव्हती. "हे सगळे लोक कशासाठी आलेत?" त्यांनी विचारले.

प्राचार्य केशोरावांच्या आधी बोलले. "उत्साह, साहेब. या भागात यंत्रशिक्षणाची भूक आहे."

अध्यक्षांनी केशोरावांकडे पाहिले. रुख्माबाईनेही पाहिले. केशोरावांनी तोंड उघडले. पतिरामचा कागद तिथे, त्या तोंडाच्या उघडण्यावर टांगलेला होता. त्यांनी तोंड मिटले आणि मान हलवली. रुख्माबाईला मराठी कळत होती. ती बायांना घेऊन परत फिरली. बाया आपापली मजुरी वाचवायला पाटलाकडे धावल्या, आणि संध्याकाळपर्यंत तिच्या बांधीवरच्या पेंढ्या पिवळ्या पडल्या होत्या.

विद्यापीठाने मान्यता दिली. १९५५ साल उजाडले एवढेच. वर्ग आता विभाग झाला आणि केशोराव कायम झाले. विभाग जूनमध्ये उघडेल, परीक्षा मार्चमध्ये होईल, आणि प्रवेशास मॅट्रिक उत्तीर्ण असणे आवश्यक राहील, कारण त्याखाली शिक्षण देणे विद्यापीठाच्या दर्जास धरून नाही. पतिराम शाळेत दोन पावसाळे गेला होता.

केशोरावांनी अर्ज केले. अट शिथिल करावी, वर्ग दिवाळीनंतर घ्यावा. अर्ज नागपुरात सरकारकडे असताना राज्य बदलले आणि कागदपत्रे मुंबईकडे निघाली. मॅट्रिक झालेली मुले चौकशीला येत, आणि अंगाला तेल-काजळी लागते हे कळल्यावर इतिहास घेत.

५७ च्या दिवाळीत मुन्नालाल शेठच्या मिलमध्ये मोटार बसली. तिच्यासोबत कामठीहून कागदवाला माणूस आला. बॉयलर छत्तीसगडाकडच्या कुणीतरी विकत नेला. पतिराम घरी बसून विड्या वळू लागला. त्याची बोटे जाड होती. ठेकेदार निम्म्या विड्या फेकून देई.

वर्षभराने पतिराम स्वतःच कॉलेजात आला. फाटकावर चपला काढून.

"कागद नको जी. नुसती मोटार दाखवा. कामठीवाला सुट्टीवर जाते, तवा कोनी लागते. शेठ म्हनला, शिकून ये."

केशोराव त्याला मागच्या खोलीत घेऊन गेले. विद्यापीठाने पाठवलेली मोटार तिथे कपड्याखाली होती. त्यांनी कपडा काढला. पतिराम जवळ गेला, हाताने आस फिरवून पाहिला. सहज फिरला.

"चालू करा ना जी."

केशोरावांनी त्याला आतली गुंडाळी दाखवली, तारा कुठे जोडतात ते दाखवले, फळ्यावर आकृती काढली. पतिरामने सगळे ऐकले. मग पुन्हा एकदा आस फिरवला, आणि तो थांबेपर्यंत बघत राहिला.

"रुख्मा काय म्हणते?" केशोरावांनी फळा पुसत विचारले.

"काई नाई. तुमचं नाव नाई काढत ते."

पतिराम पुन्हा आला नाही. केशोराव दर शनिवारी मोटारीला तेल घालतात, आणि अहवालात ती 'चालू स्थितीत' लिहितात.

त्या खोलीपर्यंत विजेची तार आलेली नाही.